तू कुठला?

गेल्या काही हिवाळ्यांपासून अमरावती-अकोल्याच्या मैदानांवर एक नवी गोष्ट दिसते. टेनिस बॉलच्या स्पर्धा आधीही होत्या, पण त्या गल्लीच्या, वॉर्डाच्या, एखाद्या मंडळाच्या असत. आता ज्याला त्याला आपल्या समाजाची 'प्रीमियर लीग' हवी असते. खेळाडूंचा लिलाव, नाव छापलेली जर्सी, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, डीजे, फटाके. आणि नोंदणीच्या फॉर्मवर एक अट : खेळाडू समाजाचाच असावा. हे पाहून आपल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही सुरू झालंय, मग आपलीच का नसावी? फक्त मुसलमान खेळाडू, मोहल्लावार संघ, रमजानच्या आधी आटोपून टाकू.

माझा याला विरोध आहे. कारण सांगायला थोडं लांबून यावं लागेल, थेट इंग्लंडहून.

इंग्लंडची काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. काउंट्यांचे संघ एकमेकांशी फार आधीपासून खेळत होते, पण कोणी कोणाकडून खेळायचं याला धरबंध नव्हता. जेम्स सदर्टन नावाचा एक गोलंदाज होता. तो सरे, ससेक्स आणि हॅम्पशायर अशा तीन काउंट्यांकडून खेळायचा. आजचे टेनिस बॉलवाले 'आयकॉन प्लेयर' शनिवारी बडनेऱ्यात आणि रविवारी मूर्तिजापुरात दिसतात, तसंच काहीसं. शेवटी १८७३ मध्ये काउंट्यांनी नियम ठरवला. खेळाडू जिथे जन्मला त्या काउंटीकडून खेळेल, किंवा जिथे राहतो त्या काउंटीकडून. राहण्याचा हक्क सांगायचा तर दोन वर्षांचं वास्तव्य हवं. दोन्ही हक्क असतील तर हंगामाच्या सुरुवातीला एक काउंटी निवडायची आणि तिच्याशीच राहायचं. या पायावर १८९० मध्ये आठ काउंट्यांची अधिकृत अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी सरे जिंकली. आज अठरा काउंट्या आहेत आणि स्पर्धा अजून चालू आहे.

नियम कोरडा आहे, सरकारी परिपत्रकासारखा. पण तो काय विचारतो आणि काय विचारत नाही ते बघा. तू कुठला, एवढंच तो विचारतो. तू कोणाचा, कोणत्या चर्चला जातोस, हे विचारत नाही. आणि राहणाऱ्याला जन्मलेल्याच्या बरोबरीला बसवतो. याच नियमांच्या जगात काठेवाडचा रणजितसिंह १८९५ मध्ये ससेक्सकडून खेळायला लागला आणि पुढे इंग्लंडचा मोठा फलंदाज झाला. आपली रणजी ट्रॉफी त्याच्या नावाची आहे. म्हणजे भारताच्या सर्वांत मोठ्या देशी स्पर्धेचं नाव एका काउंटी खेळाडूचं, जो भारताच्या संघाकडून कधी खेळलाच नाही.

काउंटी क्रिकेट म्हणजे जन्नत होती असं नाही. तिथे धर्म विचारत नसले तरी वर्ग विचारत होते. पैसे घेऊन खेळणारा 'प्लेयर' आणि हौशी साहेब 'जंटलमन'. दोघांच्या ड्रेसिंग रूम वेगळ्या असत, अनेक मैदानांवर आत येण्याची फाटकंसुद्धा वेगळी. धावफलकावर साहेबाच्या नावाची आद्याक्षरं आडनावाच्या आधी यायची, पगारी खेळाडूची नंतर. १९५० मध्ये लॉर्ड्सवर मिडलसेक्सच्या तरुण फ्रेड टिटमसचं नाव चुकून साहेबासारखं छापलं गेलं, तेव्हा लाउडस्पीकरवरून जाहीर दुरुस्ती करण्यात आली. हा फरक कागदावरून जायला १९६२ उजाडलं. नाव कसं लिहिलंय यावरून माणसाची जागा ठरवणं ही गोष्ट आपल्याला काही परकी नाही. त्यावर पुढे येतोच.

आता मुंबईत या. काउंट्या जिल्ह्यांवर संघ बांधत होत्या, त्याच काळात आपल्याकडे संघ धर्मावर बांधले गेले. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी, १९०७ मध्ये हिंदू आले, १९१२ मध्ये मुसलमान आले आणि चौरंगी सामने सुरू झाले. १९३७ मध्ये पाचवा संघ आला, त्याचं नावच 'द रेस्ट', म्हणजे उरलेले. मुंबईचं पाहून सिंधमध्ये, लाहोरला आणि आपल्या नागपुरातही असे सामने भरू लागले. नागपूरचा सी. के. नायडू, जो पुढे भारताचा पहिला कसोटी कप्तान झाला, तो मुंबईत आधी गाजला तो 'हिंदू'कडून.

त्या संघांत खरे महान खेळाडू होते आणि सामनेही रंगत. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुस्लिम संघाने हिंदू संघाला एका गड्याने हरवलं, के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत नाबाद. आपल्या आजोबांच्या पिढीने हा सामना वर्षानुवर्षं चघळला असणार. मीही वाचताना क्षणभर खूश होतो, खोटं का बोला.

पण 'आपल्या माणसांचा संघ' या कल्पनेच्या आत काय चालतं, ते 'हिंदू' संघात पाहा. पळवणकर बाळू हा त्या काळचा देशातला सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज. १९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा काउंट्यांविरुद्ध आणि इतरांविरुद्ध मिळून त्याने १०० हून जास्त बळी घेतले. तो चांभार समाजाचा होता. 'हिंदू' संघाला त्याचा डावा हात चालला, पण कप्तानपद त्याला कधी दिलं गेलं नाही. त्याचा भाऊ विठ्ठल कप्तान झाला तेव्हा १९२३ साल उजाडलं होतं. धर्माच्या नावाने संघ बांधला की आत जात उभी राहते. आपल्यातही राहील. मोहल्लावार लीग म्हणता म्हणता कोणत्या बिरादरीचा संघ, कोणत्या मसलकची कमिटी, ही भांडणं लिलावाच्या आधीच सुरू होतील. ती कशी होतात हे मला सांगायला नको, मशिदीच्या ट्रस्टच्या निवडणुका तुम्हीही पाहिल्या आहेत.

दुसरं उदाहरण विजय हजारे. सांगलीचा, मराठी माणूस, ख्रिश्चन. पंचरंगीत तो कोणाकडून खेळला? 'उरलेल्यां'कडून. १९४३ च्या अंतिम सामन्यात त्या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेच्या. आपल्याच मातीत जन्मलेला माणूस 'उरलेला' ठरतो, कारण प्रश्नच चुकीचा विचारला जातोय.

योग्य प्रश्न विचारायला १९३४ मध्ये सुरुवात झाली. रणजी ट्रॉफी काउंटीच्या धर्तीवर आली : संघ प्रांताचा. आपला संघ तेव्हा 'सीपी अँड बेरार' होता. पंचरंगी १९४६ पर्यंत बाजूला चालू राहिली, मग बंद पडली. आणि तोच इब्राहिम, एका गड्याच्या विजयाचा नायक, फाळणीनंतर मुंबईच्या रणजी संघाचा कप्तान होता. १९४८-४९ च्या अंतिम सामन्यात त्याने २१९ धावा केल्या. फाळणीला दोन वर्षंही झाली नव्हती. त्या काळात मुंबईच्या प्रेक्षकाला एक मुसलमान 'आपला' वाटू शकत होता, कारण त्याच्या टोपीवर मुंबईचं नाव होतं.

विदर्भाचा वेगळा संघ रणजीत १९५७-५८ पासून आहे. त्याच्या जेमतेम वर्षभर आधी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, आपले आठ जिल्हे मध्य प्रदेशातून काढून मुंबई राज्यात टाकले होते. राज्य बदललं, राजधानी बदलली, पण क्रिकेटमध्ये विदर्भ विदर्भच राहिला. वेगळं विदर्भ राज्य काही झालं नाही, होईल की नाही यावर चहाच्या टपरीवर बोलू. पण संघ आहे. इंग्लंडमध्ये मिडलसेक्सचं असंच झालं. १९६५ मध्ये लंडनच्या फेररचनेत मिडलसेक्स ही प्रशासकीय काउंटी नकाशावरून गेली. तिचा क्रिकेट संघ आजही लॉर्ड्सवर खेळतो. सरकारने पुसलेली ओळख खेळाने सांभाळायची, हे या पद्धतीत होऊ शकतं.

साठ वर्षं विदर्भाला कोणी विचारलं नाही. मग २०१७-१८ मध्ये पहिल्यांदाच अंतिम फेरी गाठली आणि इंदूरला दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं. कप्तान होता नागपूरचा फैज फझल. रजनीश गुरबानीने त्या सामन्यात हॅट्‌ट्रिक घेतली, अक्षय वाडकरने शतक केलं, विजयी फटका वसीम जाफरचा. तारीख १ जानेवारी २०१८. त्याच दिवशी भीमा कोरेगावहून बातम्या येऊ लागल्या आणि आमच्या ऑफिसात क्रिकेटबद्दल बोलायला कोणी उरलं नाही. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून पुन्हा तेच, कप्तान पुन्हा फैजच. जाफरने त्या हंगामात हजारावर धावा केल्या. २०२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर तिसरं विजेतेपद आलं. अंतिम सामन्यात नागपूरच्या दानिश मालेवारने १५३ आणि ७३ केल्या, हर्ष दुबेने हंगामात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला.

फैजच्या हातात ट्रॉफी असलेला फोटो मी तेव्हा डीपी ठेवला होता. बरेच मित्र तसेच होते, त्यात मुसलमान नसलेले जास्त. त्या फोटोत कोणी 'मुस्लिम कप्तान' पाहत नव्हतं, 'आपला कप्तान' पाहत होतं. आपल्या कितीही चांगल्या लीगला हा फोटो देता येणार नाही.

जागेच्या नावाने संघ बांधला की सगळं सुरळीत होतं, असं मात्र कोणी समजू नये. यॉर्कशायरची गोष्ट यासाठी माहीत हवी. या काउंटीने १८७३ चा अर्धाच नियम मानला. राहणारा चालणार नाही, आमच्याकडे फक्त यॉर्कशायरमध्ये जन्मलेला खेळेल. (अपवाद होते. त्यांचा सर्वांत नावाजलेला कप्तान लॉर्ड हॉक लिंकनशायरमध्ये जन्मला होता. लॉर्डला कोण विचारतो!) ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत पाकिस्तान आणि भारतातून मजूर आले, त्यांची मुलं क्रिकेटवेडी निघाली, पण ती 'इथली' नव्हती. त्यांनी १९८० मध्ये आपली वेगळी कायदे-आझम लीग काढली. दर रविवारी, अगदी आपल्या ग्रुपवर चाललंय तशी. यॉर्कशायरने जन्माचा हट्ट सोडला १९९२ मध्ये, सचिन तेंडुलकरला बोलावून. बाहेरच्या सचिनला दार उघडलं, पण ब्रिटनमध्येच जन्मलेला पहिला आशियाई खेळाडू, अजमल शहजाद, यॉर्कशायरच्या संघात आला तो २००४ मध्ये.

म्हणजे वेगळी लीग काढल्याने पोरं खेळत राहिली, हे खरं. पण काउंटीच्या निवड समितीला त्या लीगकडे न बघायला एक आयतं कारण मिळालं, हेही खरं. 'त्यांचं त्यांचं चालू आहे.' आणि दार उघडल्यावर आत काय असतं ते अझीम रफीकने नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे सांगितलं. तो यॉर्कशायरचा कप्तान राहिलेला माणूस. वर्षानुवर्षांची वांशिक शेरेबाजी. २०२३ मध्ये यॉर्कशायरला चार लाख पौंडांचा दंड झाला, अजिंक्यपद स्पर्धेतले ४८ गुण कापले गेले. रफीकचे स्वतःचे जुने ज्यूविरोधी संदेशही तेव्हाच बाहेर आले आणि त्याने माफी मागितली. ही बाजू आपल्याकडे फॉरवर्ड होत नाही, म्हणून मुद्दाम लिहिली.

आपल्याकडेही जाफरचं काय झालं ते आठवा. विदर्भाला दोन ट्रॉफ्या मिळवून देणारा हा माणूस २०२१ मध्ये उत्तराखंडचा प्रशिक्षक होता. निवडीत ढवळाढवळ होते म्हणून त्याने राजीनामा दिला, आणि लगेच त्याच्यावर मुसलमान खेळाडूंना पुढे केल्याचा, ड्रेसिंग रूममध्ये मौलवी आणल्याचा आरोप झाला. त्याने तो साफ नाकारला. अनिल कुंबळे जाहीरपणे त्याच्या बाजूने बोलला, बाकीचे बहुतेक गप्प.

तरीही रफीकला संसदेपुढे बोलता आलं, याचं कारण तो काउंटीचा खेळाडू होता. काउंटी सर्वांची असते म्हणून तिला जाब विचारता येतो. रविवारच्या खासगी लीगला कोणती संसद जाब विचारणार?

ग्रुपवर मला मिळालेलं सर्वांत वजनदार उत्तर असं आहे : भाई, तुझं सगळं बरोबर, पण ज्याच्याकडे पॅड घ्यायला पैसे नाहीत, जो दुपारी गॅरेजवर असतो, त्याला जिल्ह्याच्या क्लबमध्ये कोण घेतो? आपल्या लीगमध्ये निदान त्याचं नाव पुकारलं जातं. हे मी हसण्यावारी नेत नाही. अमरावतीत नोव्हेंबर २०२१ ची संचारबंदी आणि अकोल्यात मे २०२३ ची जुन्या शहरातली दंगल यानंतर कोणती पोरं कोणत्या मैदानावर जातात हे आणखी पक्कं होत गेलंय. घरचे म्हणतात, लांब जाऊ नको, आपल्याच इथे खेळ. अशा वेळी 'आपली लीग' ही सोय वाटते, जिद्द नाही.

पण बघा, अमरावतीचा जितेश शर्मा आणि अकोल्याचा अथर्व तायडे याच दोन शहरांतून निघून वर पोचले. अमरावतीची भारती फुलमाळी भारताच्या महिला संघाकडून खेळली. आपल्या लीगच्या चर्चेत मुलींचा शब्दही नाही. जिल्ह्याच्या रचनेत निदान मुलींचा संघ असतो. आणि टेनिस बॉलचा सिक्सर किंग जिल्ह्याच्या चाचणीला गेला तर लेदर बॉल पहिल्यांदा हातात घेतो. वय निघून गेलेलं असतं.

अडचण कुठे येते हे मला ठाऊक आहे, कारण गावी आलो की पोरांचे ऑनलाइन फॉर्म भरायला माझ्याकडेच पाठवतात. सोळा वर्षांखालच्या खेळाडूची हाडांची तपासणी होते, ती पुढची गोष्ट. त्याआधी जन्मदाखला, शाळेचा टीसी, आधार या तिन्हींवर नाव एक हवं. आपल्या वऱ्हाडात नाव 'शेख अमुक शेख तमुक' असं असतं. आधारवर 'शेख' पुढे, टीसीवर मागे, दाखल्यावर नुसतं 'शे.'. कॉम्प्युटरला हे तीन वेगळे मुलगे वाटतात. टिटमसची आद्याक्षरं लाउडस्पीकरवरून दुरुस्त झाली, आपली तहसीलच्या खिडकीवरून होतात आणि त्याला चार खेटे लागतात. त्यातून २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने उशिरा नोंदलेल्या जन्मदाखल्यांवर चौकशी लावली. तेव्हा बातम्यांत मालेगावच्या जोडीला अकोला आणि अमरावती सतत होते. तू इथला आहेस हे सिद्ध कर, असं आज आपल्या पोराला सांगितलं जातं, आणि नेमकं तेव्हाच आपण स्वतःहून म्हणायचं की आम्ही तुमच्या जिल्ह्याच्या संघात नाही, आमचं वेगळं आहे?

म्हणून माझी सूचना साधी आहे. लीग करा, जोरात करा, पैसे मीही देतो. पण फॉर्मवर समाजाचा रकाना काढून पत्त्याचा ठेवा. संघ वॉर्डाचा, त्या वॉर्डात वर्षभर राहणारा कोणीही खेळेल, हिंदू असो, बौद्ध असो, कालपरवा यूपीहून फर्निचरच्या कामाला आलेला असो. दोन वर्षांचं वास्तव्य इंग्रजांना लागलं, आपण एका वर्षावर भागवू. सोळा वर्षांखालच्यांचे सामने लेदर बॉलवर ठेवा. किटचा एक सामाईक संच घ्या, दोन्ही संघांनी तोच वापरायचा. मुलींचा निदान एक सामना, आणि तो उद्घाटनाच्या दिवशी, नेत्यांच्या भाषणानंतर उरलेल्या वेळात नव्हे. जिल्ह्याच्या निवड समितीला लेखी आमंत्रण द्या, आले नाहीत तर पोच जपून ठेवा. ज्यांचं खेळायचं वय गेलंय त्यांनी पंचाची किंवा स्कोअररची परीक्षा द्यावी.

आणि मैदानाच्या कडेला, डीजेपासून जरा लांब, एक टेबल लावा. जन्मदाखला, टीसी, आधार घेऊन जो पोरगा येईल त्याची तिन्ही नावं जुळवून, दुरुस्तीचा अर्ज तिथेच भरून द्यायचा. लॅपटॉप आणि प्रिंटर मी आणतो. दोन जण अजून लागतील, ज्यांना मराठी टायपिंग येतं असे.